गावच्या पाझर तलावातला गाळ: सगळे हो म्हणतात, पण एका वेळी येत नाहीत

काळीमाती
११ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, वाचत असतो रोज पण धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाव जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुका. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळातला. माझी आजी त्या कामावर होती, डोक्यावर पाट्या वाहिल्यात तिने, सुकडी खाऊन दिवस काढले असं अजून सांगते. भिंत आजही धडधाकट आहे. पण आत गाळ इतका बसलाय की पावसाळ्यात तलाव भरलेला दिसतो, फोटो काढायला छान, आणि जानेवारी संपायच्या आत तळ उघडा. वडील सांगतात त्यांच्या लहानपणी चैत्रात पोहायला जायचे. खालच्या चाळीसेक विहिरी या तलावाच्या जिवावर, आणि मे महिना आला की गावात टँकर.

आता माझी अडचण ऐका. गाळ काढायला कुणाचाच विरोध नाहीये! सरपंच हो म्हणतात. जालन्यातली एक कंपनी डिझेलला पैसे द्यायला तयार. एक संस्था पोकलेन (खोदायचं मोठं मशीन) देते म्हणते. साठ शेतकरी गाळ न्यायला बसलेत. खात्यातले साहेबसुद्धा चांगले बोलतात. आणि तरी दोन वर्षं झाली, एक टोपलं गाळ निघालेला नाही. मागच्या वर्षी कंपनीचे पैसे मार्चअखेर परत गेले, मशीन मिळालं मेच्या तिसऱ्या आठवड्यात, परवानगीचा कागद हातात आला २ जूनला आणि ९ जूनला पाऊस. तोवर अर्ध्या लोकांनी कपाशीसाठी रानं तयार करून ठेवलेली, त्यात गाळ टाकणार कुठे.

कुणी हे प्रत्यक्ष करून दाखवलं असेल तर सांगा. भाषण नको, काम कसं बसवलं ते सांगा. यंदा हे राहिलं तर लोक पुन्हा मीटिंगला येणार नाहीत.


निवृत्त_जेई
११ जानेवारी, रात्री ११:०५

काळीमाती भाऊ, तीस वर्षं लघुसिंचनात काढली म्हणून सांगतो. तुमचं काम 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मध्ये बसतं. ही योजना २०१७ ची, मध्ये थंडावली आणि २०२३ ला पुन्हा सुरू केली. फरक समजून घ्या. आधी शेतकऱ्याने गाळ स्वतःच्या खर्चाने न्यायचा होता. त्यामुळे झालं काय, ज्याच्या घरी ट्रॅक्टर त्याच्या रानात गाळ, आणि दोन एकरवाला बांधावर उभा राहून बघतोय. आता अल्पभूधारक आणि अत्यल्पभूधारकाला एकरी १५,००० रुपये मिळतात, अडीच एकरापर्यंत म्हणजे ३७,५०० रुपये. विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्यांनाही त्यात घेतलंय. हे गावात मोठ्याने वाचून दाखवा, निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

हिशोब सांगतो. एकराला ४०० घनमीटर धरलेत, म्हणजे साधारण चार इंचाचा थर. एक ट्रॉली एक ब्रास, ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. तर एकराला १४० च्या आसपास ट्रॉल्या. पंधरा हजाराला भागा, ट्रॉलीमागे शंभर-सव्वाशे रुपये सुटतात, बाकीचं शेतकऱ्याचं. एवढं आधी स्पष्ट सांगितलं की नंतर भांडण नाही.

आणि हात जोडून एक विनंती. भिंतीच्या पायथ्याला मशीन लावू देऊ नका. भिंतीच्या पोटात काळ्या मातीची खंदक असते, ती पाणी धरते. ऑपरेटरला तिथला गाळ सोपा दिसतो, तो खणत सुटतो, पाऊस झाला की भिंतीखालून झिरपा सुरू. खात्याच्या माणसाकडून चुना टाकून रेषा मारून घ्या, रेषेपासून भिंतीच्या बाजूला बकेट नाही म्हणजे नाही. आणि काढायचा तो गाळच. वाळू लागली तर काम थांबवायचं, वाळू काढायला योजनेत बंदी आहे.


कंपनीतला_गावकरी
१२ जानेवारी, सकाळी ८:१५

मी एका कारखान्यात सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजकामाला द्यायचा पैसा, बघतो, कारखान्याचं नाव लिहीत नाही. दादा, तुमचे पैसे का परत गेले ते मी आतून सांगतो.

कायदा २०१३ चा. ज्या कंपनीला तो लागू आहे तिने नफ्याच्या सरासरीच्या २ टक्के खर्च करायचे. वर्ष संपतं ३१ मार्चला. आमचं बजेट एप्रिल-मेमध्ये ठरतं, ऑक्टोबरपर्यंत गावं आणि संस्था पक्क्या होतात, जानेवारीनंतर आम्ही फक्त बिलं गोळा करत असतो. तुम्ही येता फेब्रुवारीत, कारण तुम्हाला तलाव कोरडा पडताना दिसतो तेव्हा! तुमचा मोसम सुरू होतो तेव्हा आमचं वर्ष संपत आलेलं असतं. कुणी वाईट नाही यात, पण दोघांचा मेळ बसत नाही.

उपाय आहे. ३१ मार्चच्या आत करारपत्र करून घ्या, काम टप्प्यात दाखवा: मार्चमध्ये रस्ता, आखणी, झुडपं काढणं हा पहिला टप्पा, आणि एप्रिल-मे दुसरा टप्पा नव्या वर्षाच्या बजेटमधून. दोन वर्षांत विभागलेलं काम आमच्याकडे चालू काम म्हणून मंजूर होतं. आणि पैसे रोख ग्रामपंचायतीच्या खात्यावर मागू नका, ते होत नाही, संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी (हा पैसा घेऊन काम करायची सरकारी नोंद) लागते. पोकलेन देणाऱ्या संस्थेकडे ती असेलच, डिझेलही त्यांच्यामार्फतच घ्या.


लातूरची_मी
१२ जानेवारी, दुपारी १:३०

हे वाचून मला २०१६ आठवलं. आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, १२ एप्रिलला पहिली गाडी, दहा वाघिणी, ५ लाख लिटर. मी तेव्हा कॉलेजला होते आणि स्टेशनवर बघायला गेले होते, लोक रडत होते हो. त्या गाडीची बातमी देशभर झाली पण त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी जे केलं त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. जलयुक्त लातूर नावाने सगळे एकत्र आले, व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक, आर्ट ऑफ लिव्हिंगवाले, संघवाले, एरवी एकमेकांच्या मांडवात न जाणारे लोक, आणि मांजरा नदीचं साई ते नागझरी असं १८ किलोमीटर पात्र लोकवर्गणीतून खोल आणि रुंद केलं. माझ्या वडिलांच्या दुकानाने पण पावती फाडली होती, ती अजून जपून ठेवलीय.

तेव्हा एक बघितलं होतं. रोज किती जमा झाले, मशीन किती तास चाललं, हे लोकांना कळत होतं. पैसे देणारा माणूस दुसऱ्या दिवशी नदीवर जाऊन बघून यायचा. तुम्ही पण रोजचा आकडा पारावर लिहा, खडूने, मोठ्या अक्षरात.


घाणेवाडीचं_पाणी
१२ जानेवारी, संध्याकाळी ७:००

अहो भोकरदनकर, जालन्यातच उदाहरण आहे की तुमच्या उशाशी. घाणेवाडीचा तलाव, निजामाच्या काळातला, तिथून जालना शहराला पाणी उताराने येतं, पंपाची गरज नाही. गाळाने भरला होता. शहरातल्या लोकांनी आणि उद्योजकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच काढला, कंपन्यांनी मशिनरी-डिझेल दिलं आणि वर्षानुवर्षं उन्हाळा आला की गाळ काढला, गाळ आसपासचे शेतकरी घेऊन गेले. एका उन्हाळ्यात नाही झालं ते, तुम्हीही पहिल्याच वर्षी तळ दिसेल अशी आशा ठेवू नका. मंचाच्या लोकांना जाऊन भेटा, चहा पाजून सगळं सांगतील.


पूर्णाकाठ
१२ जानेवारी, रात्री १०:२०

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

सगळे गाळ कसा काढायचा ते सांगताय, गाळ येतो कुठून हे कुणी विचारेना. तो तलावात उगवत नाही. वरच्या माळावरची माती आहे ती. माळ उघडा, गवत नाही, बांध फुटलेले, पहिल्या वळवाला सगळी माती खाली. आज ५ लाखाचं डिझेल जाळाल आणि पंधरा वर्षांनी तुमचा पोरगा हाच धागा काढेल.

आपल्याच जिल्ह्यात कडवंची आहे. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात झालेलं गाव. पैसा जर्मनीचा, शेतीची बँक नाबार्ड मध्यस्थ, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि त्याचे विजयअण्णा बोराडे गावासोबत, आणि काम गावाचं. त्या कार्यक्रमाची पद्धत बघा, गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी चराईबंदी मान्य करायची, मग पुढचं बोलणं. माथ्यापासून पायथ्याकडे यायचं. २०१२ च्या दुष्काळात सगळीकडे बागा वाळत होत्या, कडवंचीच्या द्राक्षबागा उभ्या होत्या. हिवरेबाजारही तेच सांगतं. मशीनने खड्डा होतो, पाणलोट होत नाही.


ट्रॅक्टरवाला_भाऊ
१३ जानेवारी, सकाळी ६:५०

पूर्णाकाठ सर, बरोबर आहे तुमचं पण आमच्या विहिरी यंदा कोरड्या पडणार त्याचं काय करायचं? माथ्यापासून पायथ्याला यायला सहा वर्षं लागतात तवर माणसं गाव सोडून ऊसतोडीला जातेत. मुरमाड रान आहे माझं, तीन एकर, त्यात दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तलावातला गाळ शंभर ट्रॉल्या टाकला, एका पाण्याची पाळी कमी लागली, हरभरा डोळ्यादेखत वाढला. काम दोन्ही झालं पाहिजे. पण आधी काय हे ज्याचं रान त्याला विचारा ना.


पूर्णाकाठ
१३ जानेवारी, सकाळी ९:१०

भाऊ, मान्य. गाळ काढू नका असं मी म्हणत नाही. मी म्हणतो करारातच लिहा की गाळ काढतानाच पुढच्या उन्हाळ्यात माथ्यावर समतल चर (उताराला आडवे खणलेले) किती आणि गवत-झाडं किती. एकदा पाणी दिसलं की कुणी माळावर कुदळ घेऊन येत नाही, हे मी तीन गावांत बघितलंय.


मामा_तलाव
१३ जानेवारी, रात्री ९:००

नमस्कार, मी गोंदियाकडचा. आमच्या पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत, माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे जुने जमीनदार) तलाव, म्हणून सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि गाळ काढायची, पाळ दुरुस्त करायची गावाची जबाबदारी हळूहळू संपली. बेशरम (पाण्याकाठची रानटी झुडपं) माजली, मासे गेले.

आमच्याकडे अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबत ढिवर समाजाचे लोक यांनी तलाव परत जिवंत करायचं काम केलं आणि त्यांची पद्धत एवढ्यासाठी सांगतो की ते आधी मासेमारी करणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारत बसले. कोणत्या पाणवनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो हे त्या लोकांना तोंडपाठ. मग बायकांनी बेशरम उपटली, पाणवनस्पती लावल्या, स्थानिक मासे परत सोडले. मशीनने सगळा तळ सपाट तासला तर तलाव म्हणजे नुसती टाकी होते.

तुमच्या तलावात कुणी मासे धरतं का? मीटिंगला आले होते का ते?


काळीमाती
१४ जानेवारी, रात्री ८:३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज संक्रांत म्हणून पारावर लोक होते, सगळी उत्तरं वाचून दाखवली. मामा तलाव दादा, तुमच्या प्रश्नावर सगळे गप्प झाले. भोई समाजाची चार घरं आहेत, मासे तेच धरतात, आणि दोन वर्षांत एकदाही त्यांना बोलावलं नव्हतं. कुणी मुद्दाम नाही, पण नाही बोलावलं. उद्या त्यांच्या घरी जातोय.


मेंढरामागं
१५ जानेवारी, दुपारी ४:००

भोई सांगितले तसे आम्ही मेंढपाळ पण आहोत बरं का. तलावाचं काम झालं की काठ सरळ कापलेला असतो, भिंतीसारखा. जनावर पाण्याला उतरतं आणि वर येता येत नाही. मागल्या साली आमच्या शेजारच्या गावात नवा गाळ काढलेल्या तलावात एक कालवड रुतली, पोटापर्यंत, आठ माणसं आणि दोर, तरी रात्रभर लागली, वाचली पण पाय गेला तिचा. एका बाजूने लांब उतार ठेवा, दगड-मुरूम दाबून. मशीनवाल्याला दोन तासाचं काम आहे, फक्त आधी सांगायला पायजे.


बुलढाण्याचा_वाटसरू
१६ जानेवारी, रात्री १०:४५

आमच्याकडे २०१८ ला भारतीय जैन संघटनेने १३४ जेसीबी-पोकलेन आणून सुजलाम सुफलाम बुलढाणा केलं, मशीन त्यांचं आणि डिझेल सरकारचं. ते बहुतेकांना माहीत आहे. त्याच्याच जोडीला बुलढाणा पॅटर्न म्हणून आणखी एक झालं, राष्ट्रीय महामार्गाला भरावासाठी माती-मुरूम लागतो, तो डोंगर फोडून आणण्यापेक्षा गावतलावातून आणि नाल्यातून घ्या, रस्त्याला मटेरियल आणि गावाला साठा. अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या आवारात तशी तळी झाली. कल्पना फार चांगली आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे.

पण अनुभवाने सांगतो, ठेकेदाराला पाहिजे मुरूम आणि तुम्हाला काढायचाय गाळ. गाळ रस्त्याला चालत नाही. नकाशा आणि लेव्हल गावाच्या हातात नसेल तर वरचा गाळ बाजूला सारून खालचा मुरूम जातो आणि पहिल्या पावसात बाजूला सारलेला गाळ परत आत. तुमच्या आसपास महामार्गाचं काम असेल तर जरूर विचारा, पण कुठून किती खोल हे आधी लिहून घ्या.


काळीमाती
२२ फेब्रुवारी, रात्री ११:३०

महिनाभर लिहिलं नाही कारण सगळा वेळ कागदात गेला. सविस्तर सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल.

कंपनीतला गावकरी दादांचं ऐकून आम्ही एका मोठ्या कागदावर बारा महिने आखले आणि शाळेच्या भिंतीला लावला. त्यावर प्रत्येकाने आपापलं लिहायचं. कंपनीने ३१ मार्च लिहिलं. खात्याच्या साहेबांनी लिहिलं, प्रस्ताव गेला की पाहणी आणि परवानगीला पाच-सहा आठवडे. संस्थेने लिहिलं की त्यांची दोन्ही मशिनं १० एप्रिलपर्यंत दुसऱ्या तालुक्यात. शेतकऱ्यांनी लिहिलं, हरभरा-गहू निघून रान रिकामं मार्चअखेर, आणि १५ मेनंतर नांगरट-पाळी, गाळ नको. भोई काकांनी सांगितलं उरलेले मासे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढतो, पण भिंतीपासून लांब पूर्वेच्या कोपऱ्यात एक डोह ठेवा, त्यात माशांचं बी टिकतं. मेंढपाळांनी पश्चिमेचा उतार दाखवला. मग सगळ्यांना आपोआप दिसलं की १२ एप्रिल ते १५ मे एवढीच ३४ दिवसांची फट आहे, तिच्या आधी सगळे कागद आणि तिच्या नंतर काही नाही. दोन वर्षं आम्ही एकमेकांना दोष देत होतो, आणि ही फट कुणी बघितलीच नव्हती.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला. कोण काय देणार, कोण काय घेणार, एका पानात. पूर्णाकाठ सर, तुमचं कलम घातलंय, पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येक गाळ नेणाऱ्या घराने माथ्यावर चार दिवस श्रमदान. त्याच्यावर सह्या घेतल्यात. प्रस्ताव गेलाय, आणि यंदा मी दर मंगळवारी जाऊन फाइल कुठे आहे ते विचारून येतो, न चिडता.


दुबईत_गावचा
२३ फेब्रुवारी, सकाळी १०:००

मी शेजारच्याच तालुक्यातला. इथे आम्ही पाच-सहा पोरं आहोत, काही मदत लागली तर सांगा. मागे गावात मंदिराला दिले होते तसे आता डिझेलला देऊ.


काळीमाती
२३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

दादा, डिझेल कंपनीकडून होतंय. पण ज्यांना ट्रॅक्टर नाही अशा चौदा घरांच्या वाहतुकीचा प्रश्न आहे, अनुदान नंतर येतं आणि ट्रॅक्टरवाल्याला रोज पैसे लागतात. तेवढे उसने फिरवायला मिळाले तर त्या घरांचा गाळ आधी जाईल. बचत गटाच्या ताईंशी बोलून सांगतो.


काळीमाती
२७ एप्रिल, रात्री ११:५०

काम सुरू होऊन पंधरा दिवस झाले. आज जरा बसायला मिळालं.

पहिल्यांदा सांगतो ते मशीनने कापलेल्या कडेबद्दल. पोकलेनने पहिला मोठा खड्डा घेतला आणि मी आत उतरून उभा राहिलो तर माझ्या डोक्याच्या वरपर्यंत गाळाचा उभा काप, आणि त्यात थर दिसतात, एकावर एक, भाकरीला पापुद्रे सुटावे तसे. बोटभर काळा, मग कागदासारखी पांढुरकी रेघ, मग परत काळा. दोन ठिकाणी हातभर जाड थर होता, एकाच रंगाचा. आजीला खुर्चीत बसवून आणलं होतं, ती म्हणाली ही मोठ्या पावसाची सालं. सगळ्यात खाली शंख-शिंपल्यांचा थर आणि त्याखाली पिवळा मुरूम. जेई सरांनी सांगितलं होतं काढायचा तो गाळच, म्हणून मुरूम लागला की थांबायचं, ऑपरेटरला ते आता आमच्याआधी कळतं.

दुसरं कुपनांचं. बचत गटाच्या ताईंनी छापील कुपनं केलीत, तीन रंगांची. अल्पभूधारकाची हिरवी, ट्रॅक्टर नसलेल्यांची पिवळी, बाकीची पांढरी. तलावाच्या वाटेवर लिंबाखाली दोघी बसतात, ट्रॉली भरून निघाली की कुपन घ्यायचं, वहीत नंबर, आणि संध्याकाळी अवनी ॲपवर (गाळाच्या कामाची नोंद ठेवायचं मोबाइल ॲप) नोंद. सकाळी अकरापर्यंत फक्त पिवळी आणि हिरवी. मोठ्या बागायतदारांनी आधी कुरकुर केली पण नियम ग्रामसभेत वाचलेला असल्याने बोलता येईना. लातूरच्या ताईंचं ऐकून पारावर रोज खडूने आकडा लिहितो. आज: १९१ ट्रॉल्या.

आणि एक त्रास झाला. पाचव्या रात्री अडीच वाजता दोन टिपर आले, लाइट बंद करून. वीटभट्टीसाठी गाळ न्यायला. भट्टीवाला कोण ते लिहीत नाही, आणि गावातल्याच कुणीतरी त्यांना वाट दाखवली होती हे जास्त लागलं. भोई काकांचा मुलगा डोहापाशी झोपायला असतो, त्याने फोन केला. वीस माणसं जमली, मारामारी नाही, नुसते टिपरपुढे उभे राहिलो, सरपंचांनी ठराव वाचून दाखवला आणि टिपर रिकामे परत गेले. ज्या माणसांना आम्ही दोन वर्षं मीटिंगला बोलावलं नव्हतं त्यांच्याच पोराने तलाव राखला. मला त्या रात्री झोप लागली नाही.


निवृत्त_जेई
२८ एप्रिल, सकाळी ७:२०

वाचून डोळे भरून आले भाऊ. एक सूचना, ज्यांचं रान आधीच भारी काळं आहे त्यांना गाळ कमी द्या. भारी जमिनीत अजून काळा गाळ टाकला तर पावसाळ्यात पाणी धरून बसतं, तूर उबळते. गाळ हलक्या, मुरमाड रानाला. माती तपासून मगच थर ठरवा.


ट्रॅक्टरवाला_भाऊ
२८ एप्रिल, दुपारी २:१०

आणि ट्रॉल्या नुसत्या ढीग करून सोडू नका, लगेच पसरवा. ढीग वाळला की दगड होतो, मग रोटाव्हेटरला पण दाद देत नाही.


कंपनीतला_गावकरी
२ मे, रात्री ९:३०

काळीमाती दादा, तुमच्या शाळेच्या भिंतीवरचा तो बारा महिन्यांचा कागद आहे ना, त्याचा फोटो टाका प्लीज. आमच्या पुढच्या बैठकीत मी तो दाखवणार आहे. मी सात वर्षं हे काम करतोय आणि आमच्या ऑफिसात कुणी शेतकऱ्याला विचारलेलं नाही की तुझं रान रिकामं कधी असतं.


काळीमाती
२१ जून, सकाळी ६:४०

काम १५ मेला थांबवलं, ठरल्याप्रमाणे. संस्थेच्या माणसाने मोजून दिलं, १८ हजार घनमीटर निघाला, म्हणजे तेवढंच १ कोटी ८० लाख लिटर पाणी जास्त मावेल. गाळ ४५ एकरावर पडला, ५८ घरांचा. त्यातली ट्रॅक्टर नसलेली चौदाच्या चौदा घरं आली. दुबईच्या पोरांचे उसने पैसे अनुदान जमा झालं की परत जातील, अजून अर्ध्या लोकांचं अनुदान यायचंय, त्यामागे लागलोय. भिंतीवरच्या वेड्या बाभळी मुळासकट काढता आल्या नाहीत, ते राहिलं. तळाचा बराच गाळ अजून आत आहे, घाणेवाडीवाले बरोबर सांगत होते.

काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. पहाटेच गेलो तर भोई काका आधीच तिथे, पूर्वेचा डोह भरलेला आणि बाकी तळाला गुडघाभर पाणी. मेंढरं पश्चिमेच्या उतारावरून सरळ उतरून पाणी पिऊन वर गेली.

पण पाणी गढूळ होतं. चहासारखं. ओढ्याच्या तोंडाशी मी आणि पूर्णाकाठ सर (हो, सर स्वतः आले होते, दोन दिवस मुक्कामाला) हातात ओंजळ घेऊन बघत होतो, खाली माती बसते. सरांसोबत ओढ्याने वर चालत गेलो, दोन किलोमीटर. आमच्या हद्दीतला माळ अर्धाच आहे. बाकी माथा वरच्या गावाचा, दुसरी ग्रामपंचायत, आणि वरचा पट्टा वनखात्याचा. म्हणजे चार दिवस श्रमदानाच्या ज्या सह्या आम्ही घेतल्यात त्या निम्म्या माळालाच पुरतात.

तर आता वरच्या गावाशी बोलायचंय. त्यांना तलावातून एक थेंब मिळत नाही, त्यांनी आमच्यासाठी चराई का थांबवावी हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि आमच्याकडे अजून उत्तर नाही. एक विचार असा चाललाय की यंदाच्या गवताची कापणी त्यांची, आणि पुढच्या वर्षीच्या गाळात पहिली शंभर कुपनं त्यांच्या मुरमाड रानांना. वनखात्याचा कागद कुठून सुरू करायचा हे कुणाला माहीत असेल तर लिहा. आणि केळना खोऱ्यातल्या माथ्यावरच्या गावातलं कुणी इथे वाचत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, मी स्वतः येतो भेटायला. शाळेच्या भिंतीवर नवीन कागद लावलाय, त्यात तुमच्या गावाची ओळ मोकळी ठेवलीय.